उल्का येऊन गेली

चैताली ओव्हाळची हकिगत लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा. माझं नाव बदललंत तरी चालेल मॅडम, उल्काचं बदलू नका." मी दोन्ही नावं तशीच ठेवली आहेत.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात सदाशिव पेठेत समुपदेशन करते. पेरुगेटाजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. महिन्याचा पास काढायचा, आपल्या क्रमांकाची खुर्ची घ्यायची आणि दिवसभर वाचत बसायचं. अशा अभ्यासिका इथे गल्लोगल्ली आहेत. जिन्यावरून सॅक लावलेली मुलंमुली सारखी चढत-उतरत असतात, आणि कोणाचाही चेहरा लक्षात राहत नाही. चैताली सहा महिने रोज माझ्या दारावरून जात होती. मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं, म्हणजे पाहिलं असणार, पण नोंद घेतली नव्हती.

ती हडपसरची. वडील तात्याराव पोस्टात, आई चंपाबाई घरी बसून शाळांचे गणवेश शिवायच्या. एकुलती मुलगी. दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला आणि घराण्यातली पहिली इंजिनिअर म्हणून एका काकांनी तिची ओळख करून दिली. तेव्हा तिने अकरावीचा फॉर्मही भरला नव्हता.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं. दुसऱ्या वर्षी सहा विषय राहिले, त्यात एम-थ्री हा गणिताचा पेपर, ज्याच्या नावानेच निम्मा वर्ग गार पडतो. इतके विषय राहिले की तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही, वर्षभर थांबून तेच पेपर पुन्हा द्यावे लागतात. मुलं याला 'वायडी' म्हणतात. दर वर्षी कितीतरी मुलं वायडी होतात, घरी सांगतात, दोन दिवस घरात कोणी नीट बोलत नाही आणि मग सगळं पुन्हा सुरू होतं. चैतालीचंही तसंच व्हायला हवं होतं.

निकालाच्या संध्याकाळी जेवताना तात्यारावांनी विचारलं, "लागला का गं निकाल?"

तिने हो म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: "लागला पप्पा. मी सुटले. पण उल्का राहिली बिचारी."

उल्का नावाची मुलगी तिच्या वर्गात नव्हती, नात्यात नव्हती, शेजारी नव्हती. हे नाव जिभेवर कुठून आलं ते तिला आजही सांगता येत नाही.

"उल्का कोण?" चंपाबाईंनी विचारलं.

"माझ्या बाकावर बसते. सहा विषय राहिले तिचे. घरी सांगायची भीती वाटते म्हणाली."

चंपाबाई वाढता वाढता थांबल्या. "भीती कसली? पेपर काय, पुन्हा देता येतात. आईबाप खाऊन टाकतात का लेकराला? घेऊन ये तिला एकदा घरी. जेवू घालते."

चैतालीने मला हे शब्दन् शब्द सांगितलं. मग म्हणाली, "इतकं चांगलं बोलली मम्मी. पण ते उल्कासाठी होतं ना. मी नापास झाले असते तर असं बोलली नसती, असंच मला वाटलं."

ऑगस्टपासून ती रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन निघू लागली. पीएमटीच्या बसने स्वारगेट, तिथून चालत पेरुगेट. अभ्यासिकेत एक्केचाळीस नंबरची खुर्ची, भिंतीकडे तोंड केलेली. कॉलेजचे फॉर्म, प्रवेश, सगळं तिच्याच मोबाइलवर असायचं, त्यामुळे घरी कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. ती पुस्तक उघडायची आणि सहा वाजता मिटायची. मधल्या वेळात काय व्हायचं? "काहीच नाही," ती म्हणाली. "एकाच पानावर बोट ठेवून बसायचे. संध्याकाळी बोट दुखायचं." ऑक्टोबरात परीक्षेचे फॉर्म निघाले, तेही तिने भरले नाहीत. फॉर्म भरला असता तर आपण नापास आहोत हे लेखी झालं असतं.

घरी मात्र कॉलेज जोरात चालू होतं. चैताली रोज जेवताना उल्काच्या गोष्टी सांगायची. उल्काला आज सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. उल्का आज रडली. मी तिला गणित समजावून दिलं. उल्काबद्दल बोलताना तिला बरं वाटायचं, कारण त्या गोष्टींतलं रडणं आणि भीती खरी असायची. नाव फक्त दुसरं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती घरी पोहोचली तर मोरीत दोन कप होते. चंपाबाई मशीनवर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उल्का येऊन गेली."

चैतालीच्या खांद्यावरून सॅक निसटली.

"कोण?"

"कोण काय? तुझी उल्का. इकडे कोणाकडे तरी आली होती म्हणाली. थांब म्हटलं, चैताली येईलच, तर घाई होती तिला." चंपाबाईंनी दोरा तोडला. "बारीक आहे गं फार. अंगाला काही लागलेलं दिसत नाही. हिरवी क्लिप लावली होती केसांना. छान आहे मुलगी, पण बोलताना खाली बघते."

चैताली मोरीपाशी गेली. दोन्ही कपांना चहाचे ओघळ होते. तिने एक कप उचलून पाहिला. तो अजून कोमट होता.

अशी कोणी मुलगीच नाही, हे वाक्य तिच्या घशापर्यंत आलं होतं. पण ते बोलायचं तर आधीचं सगळंच बोलावं लागलं असतं. ती म्हणाली, "हो का? मला बोलली नाही ती, येणार म्हणून." आणि कप विसळायला घेतला.

त्यानंतर उल्का दर आठ-दहा दिवसांनी यायला लागली. नेहमी चैताली बाहेर असताना. नेहमी घाईत. आणि जाताना काहीतरी निरोप ठेवून.

"म्हणाली, चैतालीला सांगा, एका दिवशी एकच प्रकरण घ्यायचं."

"म्हणाली, उन्हाळ्यातल्या परीक्षेचे फॉर्म मार्चमध्ये निघतात. चुकवू नको म्हणावं."

"इथे बसली होती, तुझ्या खुर्चीवर. विचारत होती, चैताली हल्ली नीट जेवत नाही का हो?"

तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या चैतालीला दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मची तारीख कोणी का सांगावी? उल्काला सगळं माहीत होतं. चैतालीला घरी यायचीच भीती वाटू लागली. दाराशी आली की आधी मोरीकडे नजर जायची. बसमध्ये ती प्रत्येक मुलीच्या केसांकडे बघायची. एकदा स्वारगेटला तिला हिरवी क्लिप दिसली. भर सकाळी, गर्दीत, पाच-सहा माणसांपलीकडे. ती त्या मुलीच्या मागे चालत राहिली, टिळक रस्त्याने, अगदी पेरुगेटापर्यंत. ती मुलगी आमच्या इमारतीत शिरली आणि जिना चढली. चैताली धावत वर गेली. जिन्यात कोणी नव्हतं. अभ्यासिकेत नेहमीची मुलं होती, त्यांच्यात हिरवी क्लिप लावलेली एकही मुलगी नव्हती.

अभ्यासिकेची व्यवस्था मैनुद्दीनचाचा बघायचे. कसबा पेठेत राहणारे, साठीपुढचे गृहस्थ. एका कानाने कमी ऐकू यायचं. दाराशी टेबल, टेबलावर हजेरीचं रजिस्टर आणि एक जुना लँडलाइन फोन, ज्यावर कोणाचा नंबर दिसत नसे. जानेवारीत एका दुपारी चाचा चैतालीच्या खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, तुझ्या मैत्रिणीचा फोन होता. तू आली आहेस का विचारत होती."

"कोणती मैत्रीण?"

"उल्का म्हणाली. रोज करते. एकच्या सुमाराला. मी सांगतो, आली आहे, बसली आहे. ती ठेवून देते."

अभ्यासिकेचं नाव चैतालीने जगात कोणालाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा तिने चाचांच्या टेबलावरचं रजिस्टर उलटं फिरवून नीट पाहिलं. आल्यावर सगळे त्यात नाव, खुर्चीचा क्रमांक आणि सही लिहायचे, मागचं पान कोणी बघत नसे. तिच्या नावाखाली, एक्केचाळीसच्या खाली, बेचाळीस क्रमांकापुढे लिहिलं होतं: उल्का. तिने पान उलटलं. आदल्या दिवशीही उल्का. त्याच्या आदल्या दिवशीही. तिच्या शेजारची बेचाळीस नंबरची खुर्ची कायम रिकामी असायची. तिच्यावर ती आपली सॅक ठेवायची.

"चाचा, बेचाळीसवर कोण बसतं?"

"तूच तर सांगितलंस, मैत्रिणीसाठी ठेवा म्हणून," मैनुद्दीनचाचा म्हणाले.

तिला असं काही सांगितल्याचं आठवत नव्हतं.

यानंतरचे पंधरा-वीस दिवस तिने कसे काढले ते तिला सलग सांगता आलं नाही. जेवण सुटलं. घरी ती विचारल्याशिवाय बोलेना. तात्यारावांना वाटलं, अभ्यासाचा ताण आहे, त्यांनी बदाम आणून दिले.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी ती एक वाजायच्या आधी खुर्चीवरून उठली. फोन येईल तेव्हा आपण तिथे नसावं, एवढंच तिच्या मनात होतं. ती जिना चढून गच्चीवर गेली. ऊन होतं, वाळत घातलेल्या चादरी होत्या, खालून गाड्यांचे हॉर्न येत होते. कठडा गुडघ्याच्या जरा वर. ती त्याला टेकून खाली बघायला लागली. खाली इमारतीच्या दाराशी एक मुलगी उभी होती आणि मान वर करून तिच्याकडेच बघत होती. चेहरा ओळखू येईना. तो ओळखू यावा म्हणून चैताली पुढे झुकली, मग आणखी थोडी झुकली.

"बेटा."

मैनुद्दीनचाचा जिन्याच्या दारात धापा टाकत उभे होते. गुडघ्यांमुळे ते कधी गच्चीवर यायचे नाहीत.

"चल खाली. चहा घे."

त्यांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. अभ्यासिकेत न नेता ते तिला थेट माझ्या दाराशी घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, हिला जरा बसवून घ्या. हिच्या मैत्रिणीचा फोन आला होता, गच्चीवर बघा म्हणाली. मी गेलो तर ही तिथे."

मी चैतालीला पाणी दिलं. ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "मी उडी मारणार नव्हते. पण मी तिथे का उभी होते ते मला माहीत नाही." आणि दुसरं: "मॅडम, मला वेड लागतंय का?"

दीड तास ती बोलत होती. शेवटी मी चाचांकडून रजिस्टर मागवून घेतलं. तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, "उल्का असं लिही."

तिने लिहिलं. आम्ही दोघींनी कागद रजिस्टरच्या पानाशेजारी धरला. ल्क जोडताना तिचं पेन मध्येच उचललं जायचं, तिथे बारीक फट राहायची. रजिस्टरातही प्रत्येक ठिकाणी तीच फट होती. मी मोजलं, त्रेचाळीस वेळा. त्यातली एकही सही तिला आठवत नव्हती.

ताणाखाली माणसाचा हात अशी कामं करतो. स्वतःशी रोज खोटं बोलावं लागलं की मन ते ओझं दोन माणसांत वाटून घेतं. हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण माझ्या अंगावर काटा आला होता तो मी पदराखाली लपवला.

"म्हणजे सही मी केली. मग घरी कोण येतं?" तिने विचारलं. "आणि फोन कोण करतं?"

तिच्या परवानगीने मी चंपाबाईंना फोन केला. त्या रिक्षाने अर्ध्या तासात आल्या, गळ्यात मापाची टेप तशीच. आत येऊन त्यांनी लेकीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग भिंतीला धरून खाली बसल्या.

"मम्मी, मी नापास झाले," चैताली म्हणाली. "मागच्या वर्षीच. मी कॉलेजात जात नाही. उल्का नावाचं कोणीच नाही."

"माहीत आहे मला," चंपाबाई म्हणाल्या.

ऑक्टोबरात कॉलेजचं पत्र घरी आलं होतं. तात्याराव पोस्टात असूनही ते पत्र पडलं चंपाबाईंच्याच हातात. त्यांनी ते कापडाच्या गाठोड्यात दडवलं. दुसऱ्या दिवशी तोंडाला स्कार्फ बांधून त्या लेकीच्या मागोमाग बसमध्ये चढल्या, अभ्यासिकेपर्यंत आल्या, दाराच्या फटीतून तिला भिंतीकडे तोंड करून बसलेली पाहिली आणि परत गेल्या.

"मग विचारलं का नाहीस मला?"

"कशी विचारू? पेपरात रोज वाचतो आपण. कोणाला आईबाप रागावले आणि पोराने काय करून घेतलं. मी विचारलं आणि तू काही करून घेतलंस तर?" चंपाबाई टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "तू उल्काचं नाव काढलंस की तुझं तोंड जरा उघडायचं. मला वाटलं, मी तुला काही सांगितलं तर तू घाबरशील. उल्काने सांगितलं तर ऐकशील."

"म्हणजे तूच..."

"मीच. कोणी येत नव्हतं. दोन कपांत मीच चहा प्यायचे."

"आणि हिरवी क्लिप?"

"ते आपलं सुचलं तसं बोलले. तू तरी कधी म्हणशील, मम्मी, अशी कोणी मुलगी नाही, म्हणून वाट बघत होते गं. तू म्हणतच नव्हतीस. मग मी पण थांबू शकेना."

फोनही त्यांचाच होता. अभ्यासिकेच्या पाटीवरून त्यांनी नंबर लिहून घेतला होता. रोज एक वाजता मशीन थांबवायचं, फोन करायचा, पोरगी जागेवर आहे एवढं ऐकायचं आणि पुन्हा मशीन सुरू करायचं. स्वतःचं नाव सांगितलं तर लेकीला कळेल, म्हणून उल्का.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने मी म्हटलं, "चंपाबाई, आज तुम्ही गच्चीचं सांगितलंत म्हणून बरं झालं. कसं सुचलं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कसलं गच्चीचं?"

"आजच्या फोनवर."

"आज मी फोनच केला नाही. आज गणवेशांची मापं घ्यायला शाळेत गेले होते. एकला मी मुख्याध्यापकांसमोर बसलेली. मापं संपवून अडीचनंतर बाहेर पडले आणि तुमचाच फोन आला."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. रोजचा एकचा फोन बुधवारपर्यंत होता. गुरुवारचा नव्हता.

मैनुद्दीनचाचांना मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, आवाज तोच. शब्द एवढेच, "चाचा, गच्चीवर बघता का जरा?" मी म्हटलं, रोजच्या सवयीने तुम्हाला वाजल्यासारखं वाटलं असेल, मुलगी जागेवर दिसली नाही म्हणून तुम्हालाच काळजी वाटली असेल. चाचा दुखावले. "मॅडम, मला कमी ऐकू येतं. जास्त ऐकू येत नाही."

पुढचे काही दिवस दुपारी एक वाजता वर फोन वाजायचा. माझ्या खोलीच्या छतातून मला ऐकू यायचं. चंपाबाईंनी फोन करणं बंद केलं होतं, मी विचारून खात्री केली होती. चाचा उचलायचे, हॅलो हॅलो म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. तो कधी थांबला ते मला आठवत नाही. एक दिवस लक्षात आलं की हल्ली वाजत नाही.

तात्यारावांना त्या गुरुवारीच संध्याकाळी सांगितलं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "म्हणजे या घरात माझ्याशिवाय तिघीजणी राहत होत्या." आणि थोड्या वेळाने, "फॉर्म कधी निघतात?"

चैताली आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येऊ लागली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना वाटतं की आधी मनात उमेद यायला हवी, मग अभ्यास होईल. ती उमेदीची वाट बघत बसतात आणि पुस्तक उघडं राहतं. खरं तर आधी बसावं लागतं, उमेद मागून रखडत येते, कधी येतही नाही. चैतालीला मी एक वही दिली आणि म्हटलं, रोज संध्याकाळी आज जे खरोखर घडलं ते लिही. दोन ओळी चालतील. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, उद्यापासून रोज बारा तास अभ्यास करीन. मी ते खोडलं. "हे घडलेलं नाही. घडलेलं लिही." दुसऱ्या दिवशी: मी मूर्ख आहे, आळशी आहे. तेही खोडलं. "ही शिवी झाली. काय झालं ते लिही." तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं: आज पाऊण तास बसले. पहिली सोळा मिनिटं वाचलं. मग उदाहरण अडलं आणि मी उठले.

"छान," मी म्हटलं. "कोणतं उदाहरण?"

तिथून आम्हाला काम करता आलं.

पण उल्का लगेच गेली नाही. मार्चमध्ये फॉर्म भरायला चैताली कॉलेजात गेली, त्या दिवशीच्या वहीत लिहिलं होतं: खिडकीसमोर रांगेत उभी होते. मागे कोणीतरी उभं होतं. वळून पाहिलं नाही. मी विचारलं, "भीती वाटली?" ती म्हणाली, "नाही. बरं वाटलं. तेच विचित्र वाटतंय."

एकदा ती अगदीच खचून आली. सराव पेपरात शंभरात तेवीस. "माझ्याने होणार नाही," म्हणाली. मी विचारलं, "उल्काला तेवीस पडले असते तर तू काय म्हणाली असतीस?"

ती लगेच बोलायला लागली. अगदी सहज. मागच्या वेळी एकोणीस होते ना, म्हणजे चार वाढले. दोन उदाहरणांत चिन्हं चुकली आहेत, ती सुधारता येतील. आधी जेव, मग बघू. बोलता बोलता ती थांबली. कारण तिचा आवाज हुबेहूब चंपाबाईंसारखा झाला होता. मीही दचकले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं मी टाळलं.

मे महिन्यात तिने सहाही पेपर दिले. जुलैत निकाल लागला. पाच सुटले, एम-थ्री राहिला. ती घरी गेली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, "मम्मी, एक राहिला. एम-थ्री. मी राहिले त्यात, दुसरं कोणी नाही." चंपाबाईंनी मशीन थांबवलं. "बरं," त्या म्हणाल्या. "हातपाय धू." पुढच्या परीक्षेत तो पेपर सुटला, एक्केचाळीस मार्कांवर. पास व्हायला चाळीस लागतात.

चैताली आता सव्वीस वर्षांची आहे. हडपसरलाच पंपाच्या मोटारी तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते. हुशार म्हणून तिचं नाव नाही. चूक झाली की ती त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगते, म्हणून आहे. साहेब तिला वैतागतात आणि अवघड मोटारी तिच्याकडेच देतात.

मैनुद्दीनचाचा निवृत्त झाले. अभ्यासिकेत आता बोट लावून हजेरी लागते.

गेल्या रविवारी तिने मला विहारात बोलावलं. तिथल्या हॉलमध्ये ती वायडी झालेल्या मुलींना एम-थ्री शिकवते. सकाळचे अकरा-साडेअकरा वाजले होते. पाच मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकमेकींपासून लांब लांब, माना खाली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला त्या पाच जणींकडे बघून उगीच वाटलं की या हॉलमध्ये पाचांपेक्षा जास्त मुली आहेत. मी पुन्हा मोजलं. पाचच होत्या.

चैतालीने खडू घेतला आणि फळ्यावर आपले मार्क लिहिले. एकोणीस. तेवीस. एक्केचाळीस. "हे माझे," ती म्हणाली. "आता तुमचे सांगा. घरी खोटं काय सांगितलं ते नंतर बोलू."

मग कोपऱ्यातली एक मुलगी, जिने ओढणी कपाळापर्यंत ओढली होती, हळूच म्हणाली, "अकरा."

"अकरा," चैतालीने फळ्यावर लिहिलं. "तुझं नाव?"

मुलीने नाव सांगितलं. चैतालीने ते अकराच्या पुढे लिहिलं आणि पुढचीकडे बघितलं.